परबकाकांचं रक्त

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की बाकीचे त्याला आडनाव सांगायचे, गाव सांगायचे आणि पार्किंगवरून आधीच दम देऊन ठेवायचे. तिसऱ्या मजल्यावरचे दत्ताराम परब, म्हणजे माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, हात पुढे करून म्हणायचे, "मी परब. जी-सिक्स-पीडी डेफिशियंट." समोरच्याला वाटायचं ही कुठलीतरी डिग्री असावी. पहिल्या मजल्यावरच्या शाहभाईंनी तर "अरे वा, आमचा पुतण्या पण तेच करतो," म्हणून टाळीसाठी हात पुढे केला होता. काकांनी टाळी दिली आणि वर पुतण्याची चौकशीही केली.

माणूस बसच्या डेपोत मेकॅनिक. उभा जन्म इंजिनाखाली आडवं पडून गेलेला. त्यामुळे स्वतःचं रक्तही ते इंजिनासारखंच उघडून दाखवायचे. "हे बघ नीता, रक्तातल्या लाल पेशीत काय असतं? लोखंड. आणि लोखंड म्हटलं की गंज आला. तो गंज धरू नये म्हणून पेशीत एक एन्झाइम असतं. ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट-डिहायड्रोजिनेज." हे नाव ते एका दमात म्हणायचे आणि समोरच्यालाही म्हणायला लावायचे. "ते बनवणारा जो जीन, तो माझ्यात मूळ कंपनीतूनच ढिला आलाय. रोजच्या रस्त्याला गाडी झकास पळते. पण भलतं औषध पोटात गेलं की पेशी फटाफट फुटायला लागतात, रक्त उतरतं आणि वाट लागते." एवढं सांगून झालं की भाजीवाला विचारायचा, मेथी देऊ का पालक? तो बिचारा हे दर आठवड्याला ऐकायचा.

आता हे प्रकरण त्यांना कसं कळलं, ते ऐका. पंचविशीत मलेरिया झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पण लघवी कोकमाच्या आगळासारखी काळी-लाल, डोळे पिवळे आणि उठून उभं राहायची ताकद नाही. आईने सरळ गावी नेलं, घाडीकडे. घाडी म्हणजे आमच्या कोकणात भूतखेत आणि देवाचा कोप बघणारा माणूस. त्याने तांदूळ टाकले, डोळे फिरवले आणि सांगितलं, "ह्यो दोष बायलांच्या बाजून येता आणि बाप्यांका लागता. एकाक लागता, एक सुटता." एक कोंबडा घेतला. काकांची आई हबकली, कारण तिचा सख्खा भाऊ असाच पिवळा पडून गेला होता. पुढे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या, टेस्ट झाली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी अक्षरशः तेच सांगितलं. दोष आईकडून येतो, निम्म्या मुलग्यांना लागतो, निम्मे सुटतात.

"म्हणजे घाडी बरोबर होता?" मी विचारलं.

"शंभर टक्के. पण डॉक्टरीणबाईंनी कोंबडा मागितला नाही, एवढाच सायन्सचा फायदा."

त्या बाईंनी काय काय टाळायचं याची यादी दिली. त्यात "फावा बीन्स" असं लिहिलं होतं. काकांनी डेपोतल्या कँटीनवाल्याला विचारलं. तो छातीठोकपणे म्हणाला, बीन्स म्हणजे वाल. झालं! त्या दिवसापासून परबांच्या घरात वाल बंद. डाळिंब्यांची उसळ म्हणजे या माणसाचा जीव की प्राण. लग्नाच्या पंगतीत समोर उसळ आली की ते पानावर आडवा हात धरायचे आणि शेजाऱ्याच्या पानाकडे बघत बसायचे. अशी वीस वर्षं गेली. मग एकदा मृणालने, त्यांच्या मुलीने, कॉलेजात असताना सगळं वाचून काढलं आणि सांगितलं, "बाबा, ती शेंग वेगळी. आपल्याकडे फारशी मिळतही नाही. तुमचे वाल निर्दोष आहेत." काकांनी त्या कँटीनवाल्याचा मालवणीत जो उद्धार केला, तो मी इथे लिहिणार नाही. त्या रविवारी त्यांनी चार वाट्या उसळ खाल्ली आणि सोमवारी पोट धरून झोपले. जो येईल त्याला सांगत होते, "रक्त नाय हां, ह्यो फक्त गॅस!"

यादी खरी असो की अर्धवट, ते ती जगायचे. एका कार्डावर बारीक अक्षरात लिहून, लॅमिनेट करून शर्टाच्या खिशात. नाक्यावरच्या दवाखान्यात नवीन तरुण डॉक्टर आला की काका आत शिरतानाच म्हणायचे, "डॉक्टर, पेन खाली ठेवा. आधी वाचन." एकाने वैतागून विचारलं, "मग मी काय शिकलो इतकी वर्षं?" काका म्हणाले, "तुम्ही सगळ्यांचं शिकलात. मी फक्त माझं शिकलो. माझा विषय सोपा होता." तो डॉक्टर हसला आणि त्याने खरंच दोन औषधं बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मला सर्दी झाली होती आणि माझा नंबर त्यांच्यामागे होता. माझीही चिठ्ठी काकांनी तपासलीच.

पण त्यांचं खरं वैर होतं डांबराच्या गोळ्यांशी. कपाटात, ट्रंकेत, कपड्यांना कसर लागू नये म्हणून आपण टाकतो त्या पांढऱ्या गोळ्या. त्या पोटात गेल्या किंवा तान्ह्या पोराच्या अंगाला ते कपडे लागले तर यांच्यासारख्या रक्ताची पार धूळधाण. काकांना वास नुसता आला तर काही होत नव्हतं, पण समजवायचं कोणी? लग्नसमारंभात ठेवणीतले शालू नेसलेल्या बायकांपासून ते दहा फूट लांब उभे राहायचे. शालिनीकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, साड्यांत लवंगा आणि कडुलिंबाचा पाला. काकू कार्यक्रमाला निघाल्या की जिन्यात मसालेभाताचा वास दरवळायचा. सोसायटीच्या हॉलच्या बाथरूममध्ये सेक्रेटरीने त्या गोळ्या टाकल्या, तर काकांनी जनरल बॉडीत त्यावर वीस मिनिटं भाषण ठोकलं आणि ठराव पास करून घेतला. पाण्याच्या टाकीचा विषय तसाच राहिला.

अशा माणसाला गप्प बसवणं म्हणजे काय, ते मृणालच्या लग्नात कळलं.

मृणालचं लग्न ठरलं मुलुंडच्या देवधरांच्या केतनशी. दोघं एकाच ऑफिसात होती. मृणालने केतनला सगळं सांगितलं होतं. बापाचा हा दोष मुलीत येतोच येतो. तिला स्वतःला सहसा त्रास होत नाही, पण तिच्या मुलग्याला लागू शकतो. केतन समजूतदार, तो म्हणाला, "त्यात काय, सांभाळू. आईला मात्र मी सावकाश सांगतो." सावकाश म्हणजे कधी, ते काही तो बोलला नाही. शालिनीकाकूंनी घरात फर्मान काढलं, "तुमचं रक्तपुराण लग्न लागेपर्यंत बंद. लोकांना वाटेल खानदानी रोग आहे."

"पण आहेच ना खानदानी," काका म्हणाले.

"तोंड बंद!"

लग्नात काका तोंडात सुपारी धरून वावरले. केतनची आई, देवधरबाई, जरीचा जुना शालू नेसून व्याहीभेटीला पुढे आल्या, तसे काका दहा पावलं मागे सरकले आणि तिथूनच कमरेत वाकून नमस्कार केला. देवधरबाई भारावल्या. "किती मर्यादशील माणूस आहे," असं त्या मलाच म्हणाल्या. मला पदर तोंडात कोंबावा लागला.

दीड वर्षाने मृणाल बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: बाळाला आजोबांचंच रक्त. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं काही नाही, यादी पाळा, मूल धडधाकट वाढेल. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. एकीकडे अपराध्यासारखं आणि एकीकडे, लपवायचं कशाला, थोडं खूशही. मृणालने त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "बाबा, बारसं नीट पार पडू दे. दुसऱ्या दिवशी केतन आईंना सगळं सांगणार आहे. तोवर तुम्ही एक शब्द काढायचा नाही. शपथ घ्या." काकांनी घेतली.

बाराव्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये पाळणा सजला. देवधरबाई आणि त्यांची मुलगी अदिती, म्हणजे बाळाची आत्या, एक मोठी पिशवी घेऊन आल्या. अदितीने आतून एक कुंची काढली. खणाची, हिरवी, जरीचे काठ. "ही आमच्या घरातली," देवधरबाई अभिमानाने सगळ्यांना दाखवत होत्या. "सासूबाईंनी शिवलेली. आमच्याकडचं प्रत्येक मूल बारशाला हीच घालतं. किती जपलीय बघा, इतक्या वर्षांत एक भोक नाही."

भोक कसं असणार? चार हात लांब उभी असूनही मला डांबराच्या गोळ्यांचा तो वास आला. मी मान वळवून काकांकडे बघितलं. ते केशरी दुधाचा ट्रे घेऊन हॉलच्या मध्यावर होते आणि त्यांचं नाक वर झालं होतं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. काका लगबगीने पुढे आले, पाय अडखळल्याचं सोंग केलं, वाईट सोंग, नाटकातून हाकलून देतील असं, आणि दुधाचे सहा पेले थेट त्या कुंचीवर. हॉल हळहळला. शालिनीकाकूंनी कपाळावर हात मारला. देवधरबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण बाई मोठ्या मनाच्या. "असू दे हो, मुद्दाम का केलंत? मी अंगडं-टोपडं, दुपटं सगळंच आणलंय ठेवणीतलं." आणि त्यांनी पिशवी पालथी केली. अख्ख्या हॉलला कपाटाचा वास सुटला. अदितीने दुपटं उलगडलं आणि पाळण्याजवळ बाळाला त्यात घ्यायला वाकली. मृणाल लांब पाटावर बसलेली, बायका तिची ओटी भरत होत्या.

"हात लावू नको पोराक!"

काका ओरडले. एवढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांनी बाळ अदितीच्या हातून अक्षरशः ओढून घेतलं आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग बोलले. इंजिन नाही, गंज नाही, कोंबडा नाही. सरळ सांगितलं की माझ्या रक्तात दोष आहे, तो मुलीत गेला, तिच्यातून ह्याच्यात आलाय आणि ह्या कपड्यांनी हे पोर पिवळं पडून मरू शकतं.

देवधरबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एकच विचारलं, "तुम्हाला लग्नाआधी माहीत होतं?"

"होतं."

"केतनला?"

केतन खाली बघत होता. देवधरबाईंनी ते कपडे एकेक घडी करून पिशवीत भरले, ओली कुंचीसुद्धा, आणि अदितीला घेऊन निघून गेल्या. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या गेली. बारसं झालंच नाही. पोराला सगळे नुसतं "बाळ" म्हणू लागले.

पुढचे दोन महिने परबांच्या घरात सुतक असल्यासारखं होतं. केतन रविवारी यायचा, तासभर बाळाला मांडीवर घेऊन बसायचा, जायचा. आईचं काय, असं विचारलं की "बोलत नाही ती कोणाशी," एवढंच. मृणालला सासरी न्यायचं नाव कोणी काढेना. आणि मृणाल बापाशी बोलेना. दीड खोल्यांच्या घरात ते कसं जमवतात, देव जाणे. एकदाच ती बोलली, मी तिथेच होते. "बाबा, मला बाजूला घेऊन कानात सांगायचं होतंत. दोन मिनिटं. मी सासूबाईंना सांभाळून घेतलं असतं. तुम्ही चारचौघांत त्यांना खुनी ठरवलंत."

नंतर काका गॅलरीत मला म्हणाले, "पोरगी खरं बोलते गो. दोन मिनिटं होती. पण दुपटं त्याच्या तोंडाशी गेलं आणि माझं टाळकं सटकलं." मला त्यांचा राग येत होता आणि वाईटही वाटत होतं. त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आला. काका लिफ्टमध्ये त्याला म्हणाले, "मी परब." आणि गप्प राहिले. मला गलबलून आलं.

मग एका मंगळवारी दुपारी देवधरबाई आल्या. एकट्याच. मृणाल आणि काकू बाळाला लस द्यायला गेल्या होत्या. काकांनी माझी बेल दाबली. "नीता, चल गो जरा. विहीणबाई आल्यात. मला चहा येत नाही." चहा त्यांना उत्तम यायचा. माणूस घाबरला होता.

देवधरबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "मी भांडायला आले नाही. मला एक विचारायचंय. केतनच्या आधी मला एक मुलगा झाला होता."

काकांनी बाहेरचं दार लोटून घेतलं.

"कोणाला सांगत नाही मी. केतनलाही धड माहीत नाही. छान होता, गोरापान. बाराव्या दिवशी बारसं केलं. तीच कुंची, तेच दुपटं. सासूबाई म्हणाल्या, सव्वा महिना ह्यातच गुंडाळून ठेव, ऊब राहते. दोन दिवसांनी पिवळा दिसायला लागला. सगळे म्हणाले, होते कावीळ, उन्हात धरा. मी धरत होते. त्याच दुपट्यात. सोळाव्या दिवशी गेला." त्या थांबल्या. "सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मी ते धरून बसले इतकी वर्षं. पण तुम्ही त्या दिवशी बोललात आणि तेव्हापासून मला झोप नाही, परब. मीच घातलं होतं त्याला ते. माझ्या हातांनी. खरं सांगा, त्यालाही हेच होतं का?"

मी काकांकडे बघितलं. ह्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हा माणूस आयुष्यभर तयारी करून बसला होता. भाजीवाल्याला, डॉक्टरला, जनरल बॉडीला, कोणालाही त्याने खरं सांगितल्याशिवाय सोडलं नव्हतं.

"केतनला पण तीच कुंची घातली होती ना?" काकांनी विचारलं.

"हो. त्याला आणि अदितीला पण."

"काय झालं त्यांना?"

"काहीच नाही."

"मग!" काका त्यांच्यासमोर खाली बसले, फरशीवरच. "आई तीच, कुंची तीच आणि केतन ठणठणीत. हे रक्तातलं असतं तर त्याला नसतं का झालं? ते वेगळं होतं, विहीणबाई. पोरांना कावीळ शंभर कारणांनी होते. तेव्हा कुठे होते उपचार? तुमच्या हातून काही झालेलं नाही."

"नक्की?"

"मी ह्यात तीस वर्षं काढलीत. माझ्याहून जास्त कोणाला कळतं? नक्की."

देवधरबाई रडल्या. पदर तोंडाशी धरून, अंग हलेपर्यंत. काका तिथेच बसून होते. मीही रडले, लाज कसली. मग बाईंनी डोळे पुसले, गार झालेला चहा घटाघटा प्यायला आणि एवढ्यात मृणाल बाळाला घेऊन दारात आली. सासूला बघून जागीच थबकली. देवधरबाई उठल्या, बाळ घेतलं, त्याच्या लस टोचलेल्या मांडीवरून हात फिरवला. "किती रडवलं गं ह्याला. रविवारी अदितीला पाठवते, नाव ठेवून घेऊ. नवे सुती कपडे आणू, धुऊन. आणि मग घरी चल. खूप झालं माहेरपण." मृणाल सासूच्या गळ्यातच पडली आणि तिच्या खांद्यावरून तिने बापाकडे बघितलं. दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

काका देवधरबाईंना रिक्षापर्यंत सोडायला उतरले. मीही गेले. रिक्षावाला मुलुंडला यायला तयार नव्हता, काकांनी त्याला आधी हिंदीत, मग मालवणीत पटवलं. बाईंनी आत बसून पुन्हा एकदा विचारलं, "नक्की ना हो, परब?"

"आई शप्पथ," काका म्हणाले.

रिक्षा वळली. मी जराशी हलक्या मनाने म्हटलं, "बरं झालं काका, केतनला काही झालं नाही म्हणून तरी."

काका रस्त्याकडेच बघत होते. "निम्म्यांना लागतो गो, निम्मे सुटतात. केतन सुटला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अदितीचं लग्न ठरतंय. आईकडून तिच्यातही आला असेल, टेस्ट व्हायला हवी. मृणालला सांगतो, अदितीला हळूच घेऊन जा, डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या मुलींचीच करायला सांगितलीय असं सांग. पण तिच्या आईला रिपोर्ट दिसता कामा नये. कधीच नाही. कळलं?"

मी हो म्हटलं. त्यांनी गेटला हात लावला, पण गेट उघडलं नाही. तसेच उभे राहिले, मान खाली घालून, आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिले.